सांगायचा भाव

भोसरीत जुनं मशीन घेताना दोन भाव असतात. एक सांगायचा, एक द्यायचा. सांगायचा भाव ऐकून कुणी दचकत नाही आणि तो कुणी देतही नाही. विकणारा वर सांगतो, घेणारा खाली मागतो, मध्ये दोन चहा होतात, कुणीतरी उठून निघाल्यासारखं करतं, आणि मग खरा आकडा निघतो. पंधरा वर्षं मी एमआयडीसीत भाड्याचा गाळा चालवते. तीन लेथ, चार कामगार आणि मी. या पंधरा वर्षांत पहिल्या झटक्यात खरा भाव सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. मीही तो कधी सांगितलेला नाही. शेअर आणि बाँड विकायला बसले तेव्हा हीच सवय मला नडली, आणि पुढे तिनंच काम केलं.

झालं असं, की चाकणच्या ज्या कंपनीला मी शाफ्ट करून देते, तिथले खरेदीचे साहेब गाळ्यावर आले. शाफ्टवर एक खाच पाडावी लागते, चावी म्हणजे लोखंडी पट्टी बसवायची. ती लेथवर होत नाही, मिलिंग मशीन लागतं. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून मी शाफ्ट दुसऱ्याच्या गाळ्यावर पाठवत होते आणि तो माणूस मला दोनदा तोंडघशी पाडून बसला होता.

"मॅडम," साहेब म्हणाले, "महिनाअखेरीला ऑडिटला येतो. मिलिंग तुमच्या शेडमध्ये दिसलं नाही तर शाफ्ट दुसरीकडे देणार. राग मानू नका."

राग मानायला वेळ नव्हता. शाफ्ट गेला तर चारांतल्या दोघांना घरी पाठवावं लागणार, हे मला उभ्या उभ्या दिसलं. त्यातला एक माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका गाळा बंद करत होते. गुडघे गेले होते, मुलगी बंगळुरूला. मशिनं एकेक करून विकून झाली होती, फक्त मिलिंग राहिलं होतं. रविवारी सकाळी मी गेले.

"चार ऐंशी," काका म्हणाले.

"काका, मी मशीन विचारतेय, गाळा नाही."

"ताई, स्पिंडल बघा. लोण्यासारखं फिरतं."

"मग हा खरखर आवाज कसला?"

"तो पंख्याचा."

मी पंखा बंद केला. आवाज थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. काका छताकडे बघत राहिले. मी तीन पन्नास म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या चहाला मी पर्स उचलली, तिसऱ्या पायरीवर त्यांनी हाक मारली, आणि चार लाख दहावर ठरलं. दहा हजार मी तिथंच टोकन दिले.

"पण शनिवारी दुपारी बारापर्यंत बाकीचे सगळे पाहिजेत," काका म्हणाले. "चाकणचा एक जण हायड्रा क्रेन घेऊनच येतो म्हणतोय. तुमचं जमलं नाही तर टोकन परत देईन. तेवढा मी सरळ आहे."

"जमेल. पण तुम्ही एवढ्या पैशांचं करणार काय?"

"बँकेत. दुसरं काय. पोरीनं मोबाईलवर ते शेअरचं खातं उघडून दिलंय, पण मला रोजचं वरखाली बघवत नाही. महिन्याला ठरलेलं व्याज यावं आणि झोप लागावी. बँक आता व्याज देते की भीक, तेच कळत नाही."

हे मी नुसतं ऐकलं. तेव्हा माझं डोकं माझ्याच बेरजेत होतं.

टोकन देऊन बँकेत माझे एक लाख पस्तीस हजार उरले होते. बाकीचे दोन जागी अडकलेले. एक, नवऱ्याच्या कंपनीचे तीनशे शेअर. काही वर्षांपूर्वी कंपनीनं पहिल्यांदा शेअर बाजारात आणले तेव्हा आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांनी अर्ज भरले होते. माझ्या नावावर मीही भरला, नंतर थोडे थोडे आणखी घेतले. दुसरे, एका कर्ज देणाऱ्या कंपनीचे दीडशे बाँड, हजार रुपयांचा एक. ते महिन्याला व्याज देतात आणि तीन वर्षांनी हजाराचे हजार परत देणार. पण मला शनिवारी हवे होते.

नवरा चाकणलाच आहे, त्या शेअरवाल्या कंपनीत; शाफ्टवाली वेगळी. गाव तिथलंच, शेजारच्या वाडीत. रात्री जेवताना शेअर विकणार म्हटलं, तर त्याचा घास थांबला.

"आगं, सायबाला कळलं तर?"

"काय कळलं तर?"

"माझ्याच कंपनीचा शेअर हाय. त्यो परत द्यायला निघालो म्हंजी कंपनीवर भरवसा न्हाई, असं व्हतं."

"अहो, परत कोण देतंय?"

"मंग इकणार कुणाला? शेअर कंपनीचा हाय न्हवं?"

माझ्या लक्षात आलं की हा माणूस चेष्टा करत नाहीये. शेअर विकायचा म्हणजे कंपनीच्या गेटवर जाऊन खिडकीतून परत द्यायचा, असंच त्याच्या डोक्यात होतं. आणि तो एकटा नव्हता. त्याच्या लाइनवरच्या दोघांनी याच भीतीनं शेअर तसेच ठेवलेत, हे मला त्याच रात्री कळलं.

"दोन वर्षांपूर्वी आपण जुना लेथ विकला," मी म्हटलं. "त्याच्यावर पाटी कुणाची होती?"

"बनवणाऱ्या कंपनीची."

"तिला आपण एक रुपया दिला? विचारलं तरी?"

"न्हाई."

"तिनं नवा विकला तेव्हा तिचे पैसे तिला मिळाले. पुढे तो तिसऱ्याकडून आपल्याकडे आला, आपल्याकडून जेजुरीच्या माणसाकडे गेला. शेअरचं तेच. मी अर्ज भरला ते पैसे कंपनीला गेले, त्यात तिनं तुमची नवी शेड बांधली. आता मी विकणार ते दुसऱ्या कुणालातरी. माझ्या जागी तो येणार. कंपनीचा एक रुपया हलत नाही."

तो विचार करत बोटं चाटत होता. "मंग कंपनीच्या हापिसात टीव्हीवर रोज भाव का लावून ठेवत्यात? हलत न्हाई, तर बघायचं कशाला?"

प्रश्न चांगला होता. मलाही भात वाढेपर्यंत वेळ लागला.

"भोसरीत जुन्या मशिनाला गिऱ्हाईक नसतं, तर तुम्ही मला नवं घेऊ दिलं असतं का?"

"येडा हाय का मी? अडकून पडायचं काम."

"तसंच. उद्या अडलं तर विकता येईल असं वाटतं म्हणूनच लोक पहिल्यांदा पैसे घालतात. जुन्याचा बाजार नीट चालला तर कंपनीला पुढच्या वेळी नवे शेअर विकता येतात. म्हणून बघतात."

"बरं," तो म्हणाला. "पर सायबाला सांगू नको."

सोमवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडला. मोबाईलवर शेअरचा भाव चारशे बारा दिसत होता. मी चारशे पंचवीसला विकायला टाकला. का? कारण कुणीतरी चारशे मागणार, मी वीस म्हणणार, मग बारा-पंधराला मिटणार. बाँड मी हजार पाचला टाकले. मुद्दलाच्या खाली सांगायला मन होईना. मग मोबाईलचा आवाज मोठा केला, ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या फोनची वाट बघत कामाला लागले.

हे लिहिताना आता हसू येतं, पण मी खरंच फोनची वाट बघत होते. अकराच्या सुमाराला एक आला. लेथ थांबवायला सांगून मी बाहेर धावले.

"मॅडम, आपल्यासाठी क्रेडिट कार्डाची एक खास..."

"शेअरचं बोला."

"शेअरचं नाही मॅडम, कार्डाचं..."

दुपारी साडेतीनला बाजार बंद झाला. संध्याकाळी बघितलं तर माझी ऑर्डरच गायब. कुणीतरी माझी ऑर्डर काढून टाकली असं समजून मंगळवारी सकाळी मी चिंचवडला ब्रोकरच्या ऑफिसात फोन लावला. खातं तिथूनच उघडलेलं. फोनवर नेहमीची मुलगी होती. असेल तिशीची, पण मला सगळ्या मुलीच.

"काल कुणी विचारलं का?" मी म्हटलं.

"काय विचारलं, ताई?"

"माझे तीनशे शेअर. चारशे पंचवीस सांगितलेत, पण बसून थोडं कमीजास्त करू. तसं त्यांना सांगा."

मग ती म्हणाली, "ताई, तुम्ही ऑफिसला येता का?"

गाळा मोठ्या कामगारावर सोपवून मी निघाले. नाशिक फाट्यावर अर्धा तास गेला. स्टेशनजवळ औषधाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. तिनं मला स्वतःच्या स्क्रीनसमोर बसवलं.

"हे बघा. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. पाच ओळी इकडे, पाच तिकडे. डावीकडे सगळ्यांत वर कोण? सगळ्यांत जास्त द्यायला तयार असलेला. उजवीकडे सगळ्यांत वर? सगळ्यांत कमीत सोडणारा. दोघांचा भाव जुळला की सौदा. आपोआप. आता यात तुमचे चारशे पंचवीस कुठे दिसतात?"

"दिसत नाहीत."

"कारण तुमच्या पुढे शेकडो लोक कमीत द्यायला उभे आहेत. तुमच्यापर्यंत कुणी पोहोचणारच नाही. आणि संध्याकाळी बाजार बंद झाला की त्या दिवसाची ऑर्डर मरते. कुणी काढली नाही. रोज नव्यानं टाकायची."

"आणि बोलायचं कुणाशी?"

"कुणाशीच नाही. इथं सांगायचा भाव नसतो, ताई. टाकाल तोच तुमचा शब्द. मधे चहा नाही."

"चहा तुमच्याकडे तसाही मिळत नाही," मी म्हटलं. ती हसली आणि खाली फोन करून दोन सांगितले.

चहा येईपर्यंत मी त्या ओळींकडे बघत राहिले. आकडे सारखे हलत होते. कुणी पाच पैसे वर येत होता, कुणी दहा पैसे खाली. मग उमगलं की घासाघीस इथंही आहे. फक्त सगळे एकदम करतात, उघड्यावर, आणि तोंड मिटून.

भाव तोवर चारशे चारवर उतरला होता. सोमवारी खरा आकडा टाकला असता तर शेअरमागे आठ रुपये जास्त मिळाले असते. फोनची वाट बघायची ती किंमत. मी हळहळत बसले नाही. डावीकडच्या पहिल्या ओळीत चारशे चार होते, मी चारशे चार टाकले. बोट उचलेपर्यंत शेअर गेले. तेही एकाला नाही, चौघांना तुकड्यातुकड्यानं. कोण चौघे, कुठले, माहीत नाही. त्यांनाही भोसरीतली मी माहीत नाही. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात.

"आता बाँड," मी म्हटलं.

तिनं बाँड उघडले. उजवीकडे कुणी नाही. डावीकडे एकच ओळ. शंभर बाँड, भाव नऊशे अडतीस.

"बाकीचे कुठे गेले?"

"बाकीचे नाहीतच. बाँड लोक घेतात आणि मुदतीपर्यंत ठेवतात. रोज विकतंय कोण? म्हणून घेणाराही एखादाच येतो."

"पण हजाराचा बाँड नऊशे अडतीसला? कंपनी बुडतेय का?"

"नाही, व्याज वेळेवर येतंय की. पण बाजारातले नवे बाँड तुमच्यापेक्षा जास्त व्याज देतायत. मग तुमचा जुना पुऱ्या भावानं कुणी का घ्यावा? तो कमीत घेणार, म्हणजे त्याचा हिशोब नव्याच्या बरोबरीला येतो."

हे मला लगेच पटलं. बाजारात जास्त वेगाचं मशीन आलं की आपलं चांगलं चालणारं मशीनही स्वस्त होतं. त्यात मशिनाची चूक नसते.

"आणि ओळखीतलं कुणी घेणारं असलं, तर?" मी विचारलं.

"तर खात्यातून खात्यात देता येतात. तुम्हाला चेकबुकासारखं एक पुस्तक दिलेलं असेल, त्यातली चिठ्ठी भरून सही करून इथं द्यायची. पण भाव तुमचा तुम्ही ठरवायचा."

ते पुस्तक घरी रेशनकार्डाच्या पिशवीत होतं. कधी उघडलेलं नव्हतं.

बुधवारी ती एकच ओळ तशीच होती. गुरुवारी आमच्या भागात गाळे बंद असतात, लाइटची सुट्टी. मी घरी स्वयंपाकघरात बसले आणि ठरवलं, की समोर एकच माणूस आहे, मीही एकच आहे. म्हणजे हे भोसरीच झालं.

मी नऊशे नव्वदला टाकले. पंधरा मिनिटांनी तो नऊशे अडतीसचा नऊशे पंचेचाळीसवर आला. खुर्चीत मी ताठ झाले. त्यानं मला पाहिलं होतं. मी नऊशे ब्याऐंशी केले. तो नऊशे बावन्न. इथं घाई करणारा हरतो, हे मला कुणी शिकवायला नको. मोबाईल पालथा ठेवून मी भाजी चिरली, कणीक मळली. पाऊण तासानं बघितलं तर नऊशे साठ.

नवरा त्या दिवशी घरीच होता. "कुणाशी भांडतीयास?" म्हणाला.

"माहीत नाही."

"बाई हाय का बाप्या?"

"तेही माहीत नाही. पण चिवट आहे."

मी नऊशे पंचाहत्तर टाकले आणि ती ओळ नाहीशी झाली. डावीकडे कोरं. पर्स उचलून जिन्यापर्यंत जाणारी मीच असते. समोरचा गेला तर हाक मारायची कशी, याची इथं सोय नव्हती. भाव खाली आणावा असं दहा वेळा वाटलं. आणला नाही. अडीच वाजता तो परत आला, नऊशे पासष्टला. मी नऊशे सत्तर. तो सहासष्ट. मग मी नऊशे अडुसष्ट टाकले आणि हात लावला नाही. तीनला दहा मिनिटं असताना शंभर बाँड गेले.

त्याला शंभरच हवे होते. माझे पन्नास राहिले. शुक्रवारी दिवसभर डावीकडे एकही ओळ आली नाही. गुरुवारचे पैसे शुक्रवारी जमले. बँकेतले, शेअरचे, बाँडचे, सगळे एकत्र केले तर सत्तेचाळीस हजार कमी पडत होते, वर खर्चाचे काही शे. शनिवारी तो बाजार बंद असतो. उघडा होता तो फक्त काकांचा गाळा.

शनिवारी दहालाच मी पोहोचले. दारात चाकणवाल्याची हायड्रा अजून नव्हती. आधी मी मोबाईलवरून होते तेवढे सगळे काकांच्या खात्यात टाकले आणि मग सांगितलं.

"सत्तेचाळीस कमी आहेत."

काकांचा चेहरा पडला. "ताई, ठरलं होतं."

"ठरलं होतं, म्हणून पळून गेले नाही. ऐका. माझ्याकडे पन्नास बाँड आहेत. महिन्याला व्याज. तुमच्या बँकेपेक्षा जास्त."

"आणि धोका?"

मी खरं सांगितलं. "तीन वर्षं मुदत. ती कंपनी बुडाली तर पैसे बुडतील, बँकेसारखी हमी नाही. मध्येच विकायला गेलात तर माझ्यासारखे चार दिवस जातील, आणि हजार मिळणार नाहीत. मुदतीपर्यंत ठेवले आणि कंपनी नीट चालली तर हजार मिळतील. पोरीनं उघडलेल्या खात्यात येतात."

काकांनी मुलीला फोन लावला. तिनं माझ्याशी बोलून बाँडचं नाव विचारलं, मोबाईलवर पाहिलं, आणि बापाला म्हणाली, "घ्या, पण तिथं बसून भाव पाडू नका." त्यांनी फोन ठेवला आणि लगेच खुर्ची पुढे ओढली.

"बोला, कितीला?"

तोंडात हजार आलं होतं. सवयच ती. पण मी थांबले. "परवा नऊशे अडुसष्टला विकलेत. तेच सांगते."

"हा सांगायचा की द्यायचा?"

"द्यायचा."

"ताई, तुम्ही पहिल्याच झटक्यात खरं बोललात, म्हणजे काहीतरी घोटाळा आहे. नऊशे चाळीस."

"पंखा बंद करू का काका?"

ते खो खो हसले. शेवटी नऊशे पन्नासवर आले. चिठ्ठी मी त्यांच्याच टेबलावर भरली, सही केली. सोमवारी दोघांनी चिंचवडला जाऊन द्यायची ठरलं. सगळं मिळवून शंभर रुपये माझ्याकडे उरले. अकरा वाजता चाकणवाला आला तेव्हा मी मागवलेल्या हायड्रानं मशीन जमिनीवरून वीतभर उचललं होतं.

"काका, मला बारा सांगितलं होतं," तो ओरडला.

"सांगितलं होतं," काका म्हणाले, "पण यांनी आधी दिले."

महिनाअखेरीला साहेब येऊन बघून गेले. खाच मोजली, मान हलवली, शाफ्ट माझ्याकडेच राहिला. चौघेही आहेत. खरखर पंख्याची नव्हती, बेअरिंगची होती, बदललं.

मध्यंतरी काकांचा फोन आला. व्याज जमा झालं होतं. त्याबद्दल एक शब्द नाही.

"ताई, मोबाईलवर आज नऊशे बहात्तर दाखवतंय. विकू का?"

"दाखवतंय ते सोडा काका. डावीकडे कुणी उभा आहे का, ते बघा."

ते बघत असावेत. माझ्यामागे मिलिंग चालू होतं. "एक जण आहे," ते म्हणाले. "नऊशे बेचाळीसला."

"तो सांगतोय," मी ओरडून म्हटलं. "घाई करू नका."